थेलीमा : संकल्प आणि व्यक्तिस्वातंत्र्य

विसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आलेला एक आधुनिक पाश्चात्त्य धर्मपंथ. प्रत्येक व्यक्तीच्या ठायी तिच्या स्वभावाशी एकरूप असलेला एक मूलभूत संकल्प असतो. तो ओळखणे आणि केवळ त्यालाच अनुसरून वागणे हे मनुष्याचे एकमेव कर्तव्य होय, ही या पंथाची मुख्य शिकवण आहे. इंग्रज गूढवादी, कवी व गिर्यारोहक ॲलिस्टर क्रोली (१२ ऑक्टोबर १८७५–१ डिसेंबर १९४७) हा त्याचा प्रवर्तक होय. पंथाच्या आद्यसूत्रात स्वतःच्या संकल्पाप्रमाणे आचरण हाच समग्र धर्मनियम मानला आहे. हे सूत्र म्हणजे स्वैराचाराला दिलेली मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. क्रोलीच्या मते मात्र मनुष्यावर घालता येण्याजोगे ते सर्वांत कठोर बंधन होय. या दोन अर्थांमधील अंतर लक्षात घेतल्याशिवाय पंथाची स्वातंत्र्यविषयक कल्पना उलगडत नाही.

संज्ञा : ‘थेलीमा’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ संकल्प किंवा इच्छा असा होतो. बायबलच्या ग्रीक पाठात तो मुख्यतः ईश्वराच्या इच्छेसाठी येतो. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत ईश्वरेच्छा पूर्ण होण्याविषयी जी विनवणी आहे, तीत हाच शब्द वापरलेला आहे. मानवी इच्छा ईश्वरेच्छेच्या अधीन करणे हा ख्रिस्ती भक्तीचा गाभा मानला, तर क्रोलीने नेमका हाच शब्द उचलून तो व्यक्तीच्या अंतर्यामी स्थापिला, असे म्हणता येईल. मराठीत ‘इच्छा’ हा शब्द क्षणिक वासनेपासून दृढ निश्चयापर्यंत सर्व छटांसाठी वापरला जातो. त्यामुळे या पंथाच्या संदर्भात तो संदिग्ध ठरतो. प्रस्तुत लेखात क्षणोक्षणी बदलणाऱ्या मागण्यांसाठी ‘इच्छा’ आणि पंथाला अभिप्रेत असलेल्या मूलभूत प्रेरणेसाठी ‘सत्यसंकल्प’ असे शब्द योजले आहेत. छांदोग्य उपनिषदात आत्म्याला ‘सत्यसंकल्प’ हे विशेषण लावलेले आहे. तेथे ज्याचा संकल्प कधीच निष्फळ होत नाही, असा त्याचा अर्थ असून तो येथील अर्थाहून भिन्न आहे.

पूर्वपरंपरा : संकल्पाला धर्माचे अधिष्ठान देण्याची कल्पना सर्वस्वी क्रोलीची नव्हे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी सेंट ऑगस्टीनने योहानाच्या पहिल्या पत्रावरील प्रवचनांत, जो खरे प्रेम करतो त्याने स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागण्यास हरकत नाही, अशा आशयाचे प्रतिपादन केले होते. प्रेम शुद्ध असल्यास त्यातून अशुभ निष्पन्न होणार नाही, अशी त्याची धारणा होती. १४९९ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या हिप्नेरोटोमाकिया पोलिफिली या इटालियन रूपककथेत नायकाला मार्ग दाखविणाऱ्या दोन स्त्रिया आहेत : एक तर्कबुद्धीची व दुसरी इच्छेची प्रतिनिधी. दुसरीचे नाव थेलेमिया असे आहे.

फ्रेंच लेखक फ्रान्स्वा राब्ले (सु. १४९४–१५५३) याच्या गार्गांत्युआ या विनोदी कथाग्रंथातील थेलेमचा मठ हा या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध दुवा होय. मध्ययुगीन मठांचे सर्व नियम उलटे करून हा काल्पनिक मठ रचलेला आहे. त्याला तटबंदी नाही आणि दिनक्रम आखून देणारे घड्याळ नाही. स्त्रिया व पुरुष तेथे एकत्र राहतात, वाटेल तेव्हा बाहेर पडू शकतात, विवाह करू शकतात व संपत्ती बाळगू शकतात. मनास येईल तसे वागणे एवढा एकच नियम तेथे आहे. तथापि राब्लेच्या या नियमामागे एक अट दडलेली आहे. कुलीन, सुशिक्षित व सुसंस्कृत माणसांनाच त्या मठात प्रवेश मिळतो. कारण अशा माणसांच्या ठिकाणी सद्वर्तनाची ओढ स्वभावतःच असते, असे तो मानतो. स्वातंत्र्य सर्वांसाठी की पात्रता सिद्ध केलेल्यांसाठी, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो व तो पुढे क्रोलीच्या पंथातही कायम राहतो. अठराव्या शतकात सर फ्रान्सिस डॅशवुड (१७०८–८१) या इंग्रज उमरावाने टेम्स नदीकाठच्या मेडमनम येथील जुन्या मठात आपल्या मित्रमंडळींचा अड्डा जमविला आणि दारावर राब्लेचे तेच सूत्र कोरून घेतले. तेथे मात्र त्याचा अर्थ मद्यपान व चैन यांपलीकडे फारसा गेला नाही.

प्रवर्तक व धर्मग्रंथ : क्रोलीचा जन्म इंग्लंडमधील लेमिंग्टन येथे एका सधन कुटुंबात झाला. त्याचे आईवडील ‘प्लिमथ ब्रदरेन’ या अत्यंत कर्मठ ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. वडिलांच्या मृत्यूनंतर (१८८७) घरातील धार्मिक शिस्त त्याला जाचक वाटू लागली. बायबलच्या अखेरच्या ग्रंथातील श्वापदाची उपमा आईने त्याला दिली आणि त्याने ती पुढे आयुष्यभर बिरुदासारखी मिरविली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात तीन वर्षे काढून पदवी न घेताच तो बाहेर पडला. १८९८ मध्ये त्याने ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या लंडनमधील गुप्त मंडळात दीक्षा घेतली. यहुदी कब्बाला, ईजिप्तमधील दैवतकथा, ज्योतिष व विधियुक्त जादू यांचा मेळ घालणारी साधना या मंडळात शिकविली जात असे.

विवाहानंतर १९०४ मध्ये पत्नी रोझ केली हिच्यासह तो कैरो येथे राहत असताना पंथाच्या दृष्टीने निर्णायक अशी घटना घडली. ८, ९ व १० एप्रिल रोजी दुपारी बारा ते एक या वेळात ‘आयवास’ नामक एका अमानवी सत्तेने आपल्याला एक ग्रंथ सांगितला व आपण तो उतरून घेतला, असा क्रोलीचा दावा आहे. हाच द बुक ऑफ द लॉ हा पंथाचा मूळ धर्मग्रंथ होय. त्यात तीन अध्याय व २२० वचने आहेत. कैरोच्या संग्रहालयातील अंखेफेनखोन्सू या ईजिप्शियन पुरोहिताच्या चित्रांकित स्मृतिफलकाशी या ग्रंथाचा निकटचा संबंध जोडला जातो. या फलकाचा तत्कालीन नोंदक्रमांक ६६६, म्हणजे बायबलमधील श्वापदाचाच आकडा होता, ही गोष्ट क्रोलीला अर्थपूर्ण वाटली. असे असूनही पहिली काही वर्षे त्याने हा ग्रंथ बाजूला ठेवला होता. १९०९ मध्ये हरवलेले हस्तलिखित स्कॉटलंडमधील त्याच्या घरात सापडले व त्यानंतर त्याने आपले प्रेषितपद मनोमन स्वीकारले. आत्मनिर्णयाचा पुरस्कार करणारा ग्रंथ एका बाह्य सत्तेच्या तोंडून यावा आणि ग्रहण करणाऱ्याने तो स्वतःच्या मनाविरुद्ध मान्य करावा, हा या पंथाच्या मुळाशीच असलेला विरोधाभास होय.

विश्वकल्पना : ग्रंथाचे तीन अध्याय तीन देवतांच्या मुखी घातलेले आहेत. नूइट ही तारांकित आकाशाची देवता असून ती अनंत विस्ताराचे व सर्व संभाव्यतांचे प्रतीक आहे. हदित हा सर्वव्यापी बिंदू असून प्रत्येक जीवाच्या अंतर्यामी असलेले जाणिवेचे केंद्र तो सूचित करतो. या दोहोंच्या संयोगातून घडणारा प्रत्येक अनुभव म्हणजे सृष्टीची एकेक घटना होय. रा-हूर-खुइत हा तिसऱ्या अध्यायातील ससाण्याच्या मस्तकाचा युद्धदेव होरस या ईजिप्शियन देवाचे एक रूप आहे. क्रोलीने मानवी इतिहासाची तीन युगे कल्पिली. मातृदेवतेच्या उपासनेचे आयसिसयुग, मरून पुन्हा उठणाऱ्या देवाचे व पितृसत्तेचे ओसायरिसयुग आणि १९०४ पासून सुरू झालेले बालदेव होरसचे युग, असा हा क्रम आहे. आज्ञापालन, त्याग व आत्मपीडा ही दुसऱ्या युगाची मूल्ये होती; नव्या युगात त्यांची जागा व्यक्तीच्या स्वयंविकासाने घ्यावी, असे त्याचे म्हणणे होते. ज्ञात इतिहासाशी ही युगविभागणी जुळत नाही. ती प्रतीकात्मक मानूनच तिचा विचार करणे इष्ट ठरते.

या विश्वात प्रत्येक स्त्री व प्रत्येक पुरुष हा एक स्वतंत्र तारा आहे, ही ग्रंथातील प्रतिमा पंथाच्या व्यक्तिवादाचा पाया आहे. ताऱ्याला स्वतःचे तेज असते, तसेच स्वतःचे स्थान व स्वतःची कक्षाही असते. आकाशातील तारे आपापल्या मार्गाने जात असल्याने त्यांची टक्कर होत नाही. मनुष्यही स्वतःच्या कक्षेतून फिरत राहिला, तर त्याचा इतरांशी संघर्ष होण्याचे कारण उरणार नाही. संघर्ष उद्भवला तर दोहोंपैकी एकाने तरी आपली कक्षा सोडलेली आहे, असे समजावे.

सत्यसंकल्प : सत्यसंकल्प म्हणजे मनात येणाऱ्या लहरींची बेरीज नव्हे. क्रोलीच्या विवेचनानुसार सामान्य मनुष्याच्या इच्छा परस्परविरोधी असतात. त्यांतील बऱ्याच घर, शाळा, समाज व धर्म यांनी त्याच्यावर लादलेल्या असतात. एका इच्छेने उभारलेले दुसरी पाडते व त्याची शक्ती वाया जाते. बीजात जसा वृक्षाचा आकार गर्भित असतो, तसा व्यक्तीच्या स्वभावात तिच्या जीवनाचा एक नियत रोख असतो. हा रोख म्हणजेच सत्यसंकल्प. तो निर्माण करावयाचा नसून शोधून काढावयाचा असतो. ग्रंथात या संकल्पाची दोन लक्षणे सांगितली आहेत : तो अमुक हेतूच्या पूर्तीपुरता नसतो आणि फलाच्या लालसेपासून तो मुक्त असतो. अशा संकल्पाला अनुसरणाऱ्या माणसाच्या पाठीशी विश्वाची सारी गती उभी असते, असेही क्रोलीने म्हटले आहे.

संकल्पाच्या जोडीला पंथात प्रेमाला स्थान आहे. मात्र हे प्रेम संकल्पाच्या अधीन असावे, अशी अट आहे. येथे प्रेम याचा अर्थ कोणत्याही दोन गोष्टींचे एकीकरण असा व्यापक आहे. ग्रीक वर्णांना अंकमूल्ये देऊन मोजल्यास ‘थेलेमा’ आणि प्रेमवाचक ‘अगापे’ या दोन्ही शब्दांची बेरीज ९३ येते. त्यामुळे हा आकडा अनुयायांमध्ये परस्परांना अभिवादन करण्यासाठीही वापरला जातो.

स्वातंत्र्य आणि नियती : सत्यसंकल्प जर स्वभावतःच ठरलेला असेल, तर मनुष्य स्वतंत्र कसा, असा प्रश्न येथे निर्माण होतो. अनेक पर्यायांतून हवा तो निवडण्याची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य, असे मानले तर थेलीमात असे स्वातंत्र्य फारच थोडे आहे. मनुष्याला स्वतःच्या संकल्पाखेरीज दुसरे काहीही करण्याचा अधिकार नाही, असेच ग्रंथ बजावतो. स्वातंत्र्याचा येथील अर्थ बाह्य व उपऱ्या दडपणांपासून सुटून स्वतःच्या स्वभावाच्या नियमाने चालणे, असा आहे. ही कल्पना स्पिनोझाच्या मताला बरीच जवळची आहे. आपल्या नीतिशास्त्र (१६७७) या ग्रंथात त्याने, जी वस्तू केवळ स्वतःच्या स्वरूपाच्या अनिवार्यतेने अस्तित्वात असते व कार्य करते ती स्वतंत्र, अशी व्याख्या केली होती.

कांटच्या स्वायत्ततेच्या संकल्पनेशी थेलीमाचे साम्य वरवरचे आहे. कांटच्या मते विवेकशील मनुष्य स्वतःला जो नियम घालून देतो, तो सर्व विवेकशील जीवांना लागू पडण्याजोगा असला पाहिजे. क्रोलीच्या मते मात्र प्रत्येकाचा नियम निराळा असतो आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावणे हीच चूक होय. मर्यादा घालणे, म्हणजेच संकल्पाला अटकाव करणे, हे या पंथातील पापाचे स्वरूप आहे. मग अटकाव दुसऱ्याचा असो वा स्वतःचा. जॉन स्ट्यूअर्ट मिलने ऑन लिबर्टी (१८५९) या ग्रंथात व्यक्तिस्वातंत्र्याची मर्यादा इतरांना होणाऱ्या अपायाच्या आधारे ठरविली. थेलीमात ही मर्यादा इतर ताऱ्यांच्या कक्षांवरून ठरते. अपाय झाला की नाही हे तिसऱ्या माणसाला पाहता येते. कक्षा कोणी सोडली हे ठरविणारा तटस्थ पंच मात्र या विचारसरणीत कोठेच नाही.

साधना : सत्यसंकल्प आपोआप कळत नाही; त्यासाठी दीर्घ साधना आवश्यक मानली जाते. संकल्पानुसार बदल घडवून आणण्याचे शास्त्र व कला, अशी जादूची व्याख्या क्रोलीने केली. हातचलाखीपासून ती वेगळी ओळखू यावी, म्हणून इंग्रजी शब्दाच्या अखेरीस एक जादा अक्षर जोडण्याची प्रथाही त्याने पाडली. साधकाने रोज सकाळी, मध्यान्ही, सूर्यास्ताला व मध्यरात्री सूर्याला उद्देशून वंदन करावे, आपल्या प्रयोगांची रोजनिशी काटेकोरपणे ठेवावी आणि आसन, प्राणायाम व धारणा यांचा अभ्यास करावा, असा क्रम सांगितला आहे. ‘पवित्र रक्षक देवदूता’शी ज्ञान व संभाषण साधणे हा या मार्गावरील मोठा टप्पा होय. हा देवदूत म्हणजे साधकाचाच उच्चतर आत्मा, असे क्रोलीने आरंभीच्या लेखनात सुचविले. उत्तरायुष्यात मात्र तो स्वतंत्र अस्तित्व असलेला जीव आहे, असे त्याने आग्रहाने मांडले. पहिले मत स्वीकारले तर साधक स्वतःचेच ऐकतो. दुसरे स्वीकारले तर तो पुन्हा दुसऱ्या कोणाच्या तरी आज्ञेत जातो. स्वातंत्र्याच्या दृष्टीने हा भेद किरकोळ नाही.

साधनेतील काही प्रकार अतिशय कडक होते. वाणी, कृती व विचार यांवर ताबा मिळविण्यासाठी ठराविक काळ ‘मी’ यासारखा एखादा नित्याचा शब्द वर्ज्य करावा आणि चूक होताच स्वतःच्या हातावर वस्तऱ्याने रेघ ओढावी, असा एक अभ्यास क्रोलीने सांगितला होता. स्वैराचाराचा पंथ म्हणून ज्याची अपकीर्ती झाली, त्यात आत्मनिग्रहाला असे स्थान असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हक्क व कर्तव्ये : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, क्रोलीने मानवी हक्कांचा एक छोटा जाहीरनामा प्रसिद्ध केला. सर्वांना समजावा म्हणून तो इंग्रजीतील केवळ एकावयवी शब्दांत लिहिलेला आहे. स्वतःच्या नियमाने जगणे, काम, खेळ व विश्रांती घेणे, हवे ते खाणेपिणे, हवे तेथे राहणे व फिरणे, विचार, भाषण व लेखन करणे आणि स्वेच्छेने प्रेम करणे हे मनुष्याचे हक्क त्यात नोंदविले आहेत. हे हक्क हिरावून घेणाऱ्याला ठार मारण्याचा हक्कही शेवटी दिलेला आहे. अनुयायी हे कलम जुलूमशाहीविरुद्धच्या आत्मसंरक्षणापुरते मर्यादित मानतात. टीकाकारांना ते कायद्याच्या राज्याशी विसंगत वाटते. कर्तव्यांविषयीच्या एका निबंधात क्रोलीने व्यक्तीची स्वतःविषयीची, इतर व्यक्तींविषयीची, मानवजातीविषयीची व इतर जीवसृष्टीविषयीची कर्तव्ये मांडली आहेत. इतरांच्या संकल्पात ढवळाढवळ न करणे व गुन्ह्याला व्यक्तीच्या सत्यसंकल्पावरील आघात मानणे, ही त्यांतील प्रमुख सूत्रे होत.

ग्रंथाचा अर्थ लावण्याच्या बाबतीतही असेच धोरण आढळते. १९२५ मध्ये ट्युनिस येथे लिहिलेल्या एका छोट्या टिपणीत, धर्मग्रंथाच्या आशयाची चर्चा करू नये व प्रत्येकाने शंकांचे निरसन क्रोलीच्या लेखनाच्या आधारे स्वतःपुरते करून घ्यावे, असे सांगितले आहे. अधिकृत भाष्यकारांचा वर्ग निर्माण होऊ नये, हा या निर्बंधाचा एक परिणाम होय. त्याचबरोबर मोकळ्या वादविवादाला त्याने आडकाठी केली आणि अंतिम प्रमाण म्हणून प्रवर्तकाचे लेखनच राहिले.

चेफालूचा प्रयोग : एप्रिल १९२० मध्ये क्रोलीने सिसिली बेटावरील चेफालू या गावाजवळ एक घर भाड्याने घेतले व राब्लेच्या कथेवरून त्याला ‘थेलेमचा मठ’ हे नाव दिले. लीया हर्सिग ही त्याची सहचारिणी, जेन वुल्फ ही अमेरिकन चित्रपटनटी व काही साधक तेथे राहत असत. सिद्धान्ताची प्रत्यक्ष कसोटी म्हणून या प्रयोगाला महत्त्व आहे. घराची स्वच्छता व व्यवस्था शोचनीय होती. क्रोली व हर्सिग यांची तान्ही मुलगी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत्यू पावली. दम्यावरील उपचार म्हणून मिळालेल्या हेरॉइनचे व्यसन क्रोलीला जडले होते. दृढ संकल्पाच्या बळावर मनुष्य मादक द्रव्यांचा दास न होता त्यांचा उपयोग करू शकतो, असे त्याने डायरी ऑफ अ ड्रग फीन्ड (१९२२) या कादंबरीत मांडले. स्वतःला मात्र या व्यसनातून तो कायमचा सोडवू शकला नाही. १६ फेब्रुवारी १९२३ रोजी राऊल लव्हडे हा ऑक्सफर्डचा तरुण पदवीधर आतड्याच्या विकाराने तेथे मरण पावला. दूषित पाणी हे त्याचे कारण असावे, असे मानले जाते. त्याच्या पत्नीने लंडनच्या वृत्तपत्राला दिलेल्या हकिगतीमुळे मोठा गहजब उडाला आणि एप्रिल १९२३ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने क्रोलीला इटलीतून हद्दपार केले.

वृत्तपत्रांनी रंगविलेल्या अनेक गोष्टी अतिरंजित होत्या, हे खरे. तथापि अतिरंजित भाग वगळला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. मठातील सर्वांचे सत्यसंकल्प निरनिराळे असतील, तर ते सर्व एकाच माणसाच्या भोवती फिरताना का दिसतात? गुरूला शिष्याचा संकल्प शिष्याहून अधिक कळतो, असे एकदा मानले की स्वातंत्र्याचीच भाषा अंकित ठेवण्याचे साधन बनू शकते. लहान मुले तर अशा व्यवस्थेत स्वेच्छेने आलेलीच नसतात.

भारतीय विचारांशी संबंध : क्रोलीचा भारतीय उपखंडाशी प्रत्यक्ष संबंध आला होता. १९०१ मध्ये श्रीलंकेत (तत्कालीन सिलोन) त्याने मित्र ॲलन बेनेट याच्यासह योगाभ्यास केला. त्या वेळी सिलोनचे सॉलिसिटर-जनरल असलेले शैवमतानुयायी पोन्नंबलम् रामनाथन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यानंतर दक्षिण भारतात प्रवास करून १९०२ मध्ये तो काराकोरममधील के-टू शिखरावरील मोहिमेत व १९०५ मध्ये कांचनजंघा मोहिमेत सहभागी झाला. कांचनजंघावर हिमलोटात एक युरोपीय गिर्यारोहक व तीन हमाल मरण पावले. त्या प्रसंगी मदतीला न गेल्याबद्दल त्याच्यावर कठोर टीका झाली. स्वामी विवेकानंदांचा राजयोग त्याने आपल्या शिष्यांच्या अभ्यासक्रमात समाविष्ट केला होता.

फलाची लालसा न धरणारा संकल्प ही थेलीमातील कल्पना भगवद्गीतेतील निष्काम कर्माची आठवण करून देते. प्रत्येकाने स्वतःचाच मार्ग अनुसरावा, दुसऱ्याचा मार्ग घातक ठरतो, हा विचारही गीतेतील स्वधर्माशी मिळताजुळता वाटतो. परंतु दोहोंमधील फरक मूलगामी आहे. गीतेतील स्वधर्म परंपरेने समाजातील स्थान, गुणकर्म व लोकसंग्रह यांच्या चौकटीत समजला गेला आहे आणि कर्म ईश्वरार्पण करावयाचे आहे. थेलीमात अशी सामाजिक चौकट नाही. संकल्पाचे मूळ व्यक्तीच्याच ठायी आहे आणि अर्पण करण्यासाठी व्यक्तीबाहेर कोणी स्वामी नाही. शास्त्र किंवा समाज यांनी नेमून दिलेले कर्तव्य सत्यसंकल्पाआड येत असल्यास ते बाजूला सारावे, हाच थेलीमाचा आदेश ठरेल.

संघटना व प्रसार : १९०७ मध्ये जॉर्ज सेसिल जोन्स याच्या सहकार्याने क्रोलीने ‘ए. ए.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा साधकसंघ स्थापन केला. १९०९ ते १९१३ या काळात द इक्विनॉक्स या नियतकालिकाचे दहा अंक त्याने काढले. १९१२ मध्ये ‘ऑर्डो टेंपली ओरिएंटिस’ या मूळ जर्मन दीक्षामंडळाच्या ब्रिटिश शाखेचा तो प्रमुख झाला. त्या मंडळासाठी १९१३ मध्ये मॉस्को येथे त्याने रचलेला ‘ज्ञेयवादी मिसा’ हा पंथाचा मुख्य सामुदायिक विधी होय. १९३४ मध्ये लंडनमधील अब्रूनुकसानीचा दावा तो हरला व पुढील वर्षी दिवाळखोर ठरला. हेस्टिंग्ज येथे त्याचे निधन झाले.

कॅलिफोर्नियातील ‘अगापे लॉज’ या शाखेत जॅक पार्सन्स (१९१४–५२) हा अग्निबाणतज्ज्ञ प्रमुख होता. स्वातंत्र्य ही दुधारी तलवार असून तिची एक धार हक्काची व दुसरी जबाबदारीची आहे, या आशयाचा निबंध त्याने लिहिला. थेलीमाच्या तत्त्वाला नागरी स्वातंत्र्याचे राजकीय रूप देण्याचा हा एक प्रयत्न होता. क्रोलीचा उत्तराधिकारी कार्ल गेर्मर याच्या मृत्यूनंतर (१९६२) संघटना विस्कळीत झाली. ग्रेडी मॅकमर्ट्री याने तिचे पुनरुज्जीवन केले; १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात तिची कायदेशीर नोंदणी झाली आणि १९८५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने नाव व ग्रंथहक्क यांवरील तिचा दावा मान्य केला. केनेथ ग्रँट प्रभृतींनी स्वतंत्र शाखा चालविल्या. जेराल्ड गार्डनरने प्रवर्तित केलेल्या विक्का या आधुनिक चेटूकपंथाच्या विधींवरही क्रोलीच्या लेखनाचा ठसा आहे. विक्कामधील आचारसूत्रात कोणासही अपाय होणार नसेल तर हवे ते करावे, अशी अट घातलेली आहे. थेलीमाच्या सूत्रात ती नाही, हा दोहोंमधील बोलका फरक होय. अनुयायांची संख्या नेहमीच मर्यादित राहिली. १९६० नंतरच्या तरुण पिढीतील प्रतिसंस्कृतीवर मात्र क्रोलीच्या नावाचा प्रभाव पडला. बीटल्सच्या १९६७ मधील एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्याचेही चित्र आहे.

मूल्यमापन : थेलीमावर घेतले जाणारे मुख्य आक्षेप तीन आहेत. सत्यसंकल्प कोणता व केवळ तीव्र इच्छा कोणती, हे ओळखण्याची सार्वजनिक कसोटी पंथाजवळ नाही. साधकाची अंतःप्रतीती हेच अखेरचे प्रमाण राहते, हा पहिला आक्षेप होय. ताऱ्यांच्या कक्षा एकमेकींना छेदत नाहीत, हे गृहीतक सिद्ध करता येत नाही. अन्न, जमीन व सत्ता यांची वाटणी करताना निरनिराळ्या माणसांचे प्रामाणिक संकल्पही एकमेकांच्या आड येतात, हा दुसरा. धर्मग्रंथातील, विशेषतः त्याच्या तिसऱ्या अध्यायातील, दुर्बलांविषयीची तुच्छता व युद्धाचा गौरव प्रत्येक व्यक्ती तारा असल्याच्या तत्त्वाशी जुळत नाही, हा तिसरा. अनुयायी ही वचने लाक्षणिक मानतात व त्यांचा रोख साधकाच्या स्वतःच्या दौर्बल्यावर आहे, असे सांगतात.

असे असले तरी या पंथाने मांडलेला प्रश्न टाकाऊ नाही. बाह्य बंधने दूर झाली म्हणजे मनुष्य स्वतंत्र झाला, ही समजूत थेलीमा स्वीकारत नाही. परक्यांनी रुजविलेल्या इच्छांच्या मागे धावणारा मनुष्य कायद्याने स्वतंत्र असूनही परतंत्रच असतो, हे त्याचे निदान मार्मिक आहे. त्यावरील उपाय मात्र अपुरा ठरतो. कारण मनुष्याला स्वतःची ओळख एकांतातील साधनेने जेवढी पटते, तेवढीच इतरांशी येणाऱ्या व्यवहारातून, त्यांच्या विरोधातून व त्यांच्याविषयीच्या जबाबदारीतूनही पटत असते. प्रवर्तकाच्या चरित्रात या दुसऱ्या बाजूची उणीव ठळकपणे दिसते आणि पंथाच्या स्वातंत्र्यकल्पनेची शक्ती व मर्यादा या दोहोंचा उलगडा त्या चरित्रावरून होतो.